मिठाचे तात्या आणि विश्रामाचो गडगो

...आणि वरसून तो डायरेक्टर माकाच म्हणता, "आजी, तुमच्या गावानं आम्हाला खूप काही दिलं!" अरे मेल्या, आमी काय दिलंव ता ऱ्हवांदे, तू आमका काय देवन गेलंस ता बघ मरे! गाडये भरून इले, छत्र्यो उघडल्यानी, मिठागरात चिखल तुडवल्यानी, आणि चलले मुंबयक. आणि हंय मागे काय ठेवल्यानी? शिरा पडो त्या शिनेम्यार! तुमका सांगतंय, तो शिनेमा येवच्या आधी आमी सगळी धड माणसां. भांडाण झाला काय तोंडभर गाळी, आवशी-बापाशीचो उद्धार, मगे घरात जावन पेज-चटणी. संपला भांडाण! आता गावात कोण भांडूकच तयार नाय. गप बसतत. गप बसान नुसते बघतत! माका बाबांनो तेव्हाच संशय इल्लो...

थांबा, पयल्यापासून सांगतंय, नायतर म्हणशात म्हातारी भरकाटली. मी हौसाबाई. शिरोड्याच्या अलीकडे, मिठागराच्या वर जी माडांची रांग दिसता, थंय माझा घर. शाळा म्हणशात तर तिसरी पास. चवथीत मास्तरांच्या खुर्चयेर खाजकुयली कोणी घातल्यान ता अजून कोणाक कळूक नाय, पण नाव माझाच काढल्यानी! म्हणजे लोकांनी माझ्यार संशय घेतलेलो चलता, आणि मी लोकांवर घेतलंय तर "म्हातारी संशयी"! बरा बाबा.

माझ्या घराच्या खालच्या अंगाक विश्रामाचा घर. विश्राम म्हणजे माझो चुलत दीर. मी लगीन होवन इलंय तेव्हा नाकाक शेंबूड आणि हातात भोवरो, असो माझ्या मागे मागे फिरी. तो शेंबूड मी माझ्या पदरान पुसलंय हां! आता मुंबयत गोदीत नोकरी केल्यान, पेन्शन घेवन गावात इलो, मिशयो वाढवल्यान, आणि माका म्हणता काय — "वयनी, कागदार ही वाट नाय!"

खंयची वाट? तर रस्त्यासून माझ्या घराक येता ती पाणंद, विश्रामाच्या अंगणाच्या कडेकडेन. ह्या वाटेन माझी वरात इली. ह्या वाटेन माझ्या घोवाक चार खांद्यांवरसून व्हेल्यानी. कागदार नाय? माझ्या पायार आसा रे ती वाट! पण ऐकता कोण. एक दिवस सकाळी कोंबडी सोडूक भायर येतंय तर वाटेत, ऐन वाटेत, चिऱ्यार चिरो रचलेलो छातीभर उंच गडगो! अलीकडे मी, पलीकडे जग. आता माका रस्त्यार जावचा तर मागच्या दारान, वव्हाळातसून, दुसऱ्यांच्या भाताच्या कुणग्यांच्या बांधावरसून. ह्या वयात! सर्कशीत सुद्धा काम मिळात माका!

कारण काय, ता इचारा. तेच्या पोरान, दीपेशान, पडवयेक रंग काढल्यान आणि भायर फळी लावल्यान — होम-स्टे. पुण्याची माणसां रवाक इली. भली माणसां. तेंच्यातली एक पोरगी माका म्हणाली, "आजी, इथे काही भीती नाही ना?" मी म्हटलंय, "बाये, भीती कसली? न्हाणयेत रातची शीळ ऐकाक इली तर तो आमचो राखणदार देवचार. बरो आसा. फक्त साबण मागता." बस. इतक्याच! दुपारच्या जेवणाआधी गाडी भरून गेली. आता ह्यात माझा काय चुकला? 'बरो आसा' असाच म्हटलंय ना मी तेका?

तर गडगो. आता तुमी म्हणशात, म्हातारे, वळसो घालून जा, त्यात काय. माझा सोडा हो! गणपती खंयसून हाडतले? आमच्या भावकीचो गणपती एकच. बसता माझ्या घरात, कारण माझा ता मूळ घर. आणि डोक्यार घेवन येवचो मान विश्रामाचो, कारण माझो घोव गेल्यापासून तो मोठो. आणि आमच्या घराण्याची रीत आसा — शाळेतसून, म्हणजे थंय मूर्तीकार गणपती घडवता थंयसून, एकदा देव डोक्यार घेतलो काय वाटेत खाली ठेवचो नाय, मागे फिरवचो नाय, आणि नेहमीच्या वाटेनच घराक हाडूचो. ह्या शाण्यान स्वतःच गणपती हाडूचो आणि स्वतःच वाटेत गडगो! मी सांगाक गेलंय, तर म्हणता, "औंदा मी माझ्या घरात वेगळो गणपती हाडतलंय."

तुमका सांगतंय, घरां भांडणान फुटणत नाय. आमी काय कमी भांडलंव? फणसासाठी भांडलंव, विहिरीच्या रहाटासाठी भांडलंव, पण चवथीक सगळे एका समईच्या उजेडात. गणपती वेगळो झालो काय मगे घर फुटला. तेच्या मागसून सांधणारो कोण नाय. तलाठी येवन गेलो, च्या पिवन गेलो. सरपंच इलो, "बघूया" म्हटल्यान. ही 'बघूया' म्हणजे काय ता तुमका म्हायत आसा.

असा सगळा असताना इले ते शिनेमावाले! कोणावर शिनेमा? तर मिठाच्या तात्यांवर. पूर्वी गोरो सायब मिठार कर घेय, तेव्हा तात्यांनी हंयच्या मिठागरात येवन मूठभर मीठ उचलल्यानी, लाठयो खाल्ल्यानी, पण हात काय उगारूक नाय. माझी सासू सांगी. डायरेक्टरचा नाव विनीत. दाढी हितकी, चड्डी तितकी. माझ्याकडे बघल्यान आणि म्हणता, "आजी, तुमचा चेहरा किती बोलका आहे!"

माका तेव्हाच संशय इल्लो! माझ्या घोवान सगळो जन्म ह्यो चेहरो बघल्यान, "वायच बाजूक हो" सोडून दुसरा काय म्हटल्यान नाय. आणि ह्यो घटकाभरात बोलका म्हणता? ह्या पोराक काय तरी व्हया आसा.

व्हयाच होता! सत्याग्रही म्हाताऱ्यो व्हयो होत्यो. चिखलात बसाक. मी म्हटलंय, बसतंय. माका पांढरा लुगडा दिल्यानी. आणि पोलीस कोण? वळून बघतंय तर खाकी चड्डी, डोक्यार उभी टोपी, हातात लाठी आणि मिशयेक पीळ... विश्राम! तेका जमादार केल्यानी! मगे माका सांगा, संशय येवचो नाय? इतके दिवस माका मारूक हात शिवशिवतत तेचे, आता सरकारी कपडे घालून मारतलो, आणि वरसून तेका वडापाव देतले!

तात्यांचा काम करणारो हिरो येगळाच प्रकरण. टकलाची टोपी चिकटवलेली, पोट कपड्यान आवळून बांधलेला. उपासाचो शॉट होतो. तेच्या आधी ह्या गड्यान सुरमयचा ताट चाटून पुसून साफ केल्यान आणि मगे खाटेर पडान असो काय कण्हूक लागलो, माझ्या डोळ्यांक पाणी! आणि "कट" म्हटल्याबरोबर ढेकर दिल्यान. समुद्रातल्या शेवटच्या होडयेपर्यंत ऐकाक गेलो आसतलो. पण काय ता खोटा कित्याक सांगू... तो बोलाक लागलो काय सगळा मिठागर गप. एक वाक्य होता तेचा — "समोरच्याला हरवू नका. त्याला लाज वाटेपर्यंत थांबा."

मी हात वर केलंय. "ओ सायब, आणि समोरच्याक लाजच नसली तर?"

विनीत कागद चाळूक लागलो. म्हणता, "आजी... ते पटकथेत नाहीये."

बघा! मुद्द्याची गोष्ट तेवढी पटकथेत नाय!

मगे माझो शॉट. माझ्या मुठीत मीठ. जमादारान लाठी उगारूची, मी हलाचा नाय, बोलाचा नाय, हात उचलूचो नाय, फक्त तेच्या डोळ्यांत बघूचा. लाठी खोटी होती, आत स्पंज. पण स्पंज आसा ह्या कोण सांगता? विश्राम सांगता! म्हणजे संशय इलोच. लाठी वर गेली. मी ओठ न हलवता म्हटलंय, "विश्रामा, चड्डयेचो बटण." तो खाली बघूक लागलो. "कट!" परत लाठी वर. "विश्रामा, मिशी एका बाजून निसाटली." मिशी तेची स्वतःची, तरी मेल्यान हात लावन बघल्यान. "कट!" विनीत कपाळार हात मारून म्हणता, "आजी, प्लीज! तात्यांची अहिंसा!"

मी म्हटलंय, हातान काय केलंय काय मी? तोंडार बंदी खंय लिवलेली आसा?

तिसऱ्या टायमाक मात्र मी गप बसलंय. खरीच गप. नुसता बघलंय तेच्याकडे. आणि बाबांनो, काय झाला कोणाक ठावक... लाठी वर गेली ती वरच रवली. विनीत बोंब मारता, "मारा! काका, मारा ना!" शेवटी लाठी खाली टाकल्यान आणि म्हणता, "ओ सायब, हिच्याकडे बघून मारूक होणा नाय हो!"

घराक येतंय तर डोक्यात एकच. मेल्या, म्हणजे ह्या औषध खरा आसा!

लुगडा काय मी परत देवक नाय. तेंनी मागूक नाय, मी आठवण करूक नाय. श्रावण लागलो, चवथ जवळ इली, विश्राम काय पाघळणा नाय. एक दिवस सकाळीच ता पांढरा लुगडा नेसलंय, छत्री घेतलंय आणि गडग्याच्या अलीकडे पाटार जावन बसलंय. गप. आणि माझी बाजू उंचार, तेव्हा बसल्या जाग्यार गडग्याच्या वरसून सरळ विश्रामाच्या पडवयेत बघूक लागलंय.

विश्राम च्या घेवन भायर इलो. माका बघल्यान. आत गेलो. परत भायर इलो, पेपर घेवन. पेपर आडवो धरल्यान. पेपराच्या वरसून एक डोळो काढल्यान... मी आसंय! आत गेलो. दुपारी तेची बायल, माई, वळसो घालून माझ्याकडे इली. "हौसावयनी, असा काय गो करतास? तेंका जेवण जायना नाय." मी तोंडार बोट ठेवलंय. ती माझ्या वांगडा वायच बसली, माझ्याकडची पानाची तबकडी घेतल्यान, पान खाल्ल्यान, गेली. घरात जो तो मागच्या दारान ये-जा करूक लागलो. म्हणजे आता वळसो तेंका! मी मनात म्हटलंय, तात्यांनू, तुमी देवमाणूस.

पण माझा नशीब! एक दिवस सकाळी पाट घेवन जातंय तर गडग्याच्या पलीकडे कोण? विश्राम! पांढरो सदरो, पांढरी टोपी, खाली सतरंजी. मी म्हटलंय, "ह्या काय?"

"सत्याग्रह."

"कोणाच्या इरुद्ध?"

"तुझ्या! कोणाच्या घराक दिवसभर टक लावन बघणा ही हिंसा आसा, वयनी. तुका लाज वाटापर्यंत मी थांबतलंय."

माझाच औषध माकाच! हेणा पोलिसाचा काम करता करता तात्यांचे सगळे डायलॉग पाठ केल्यान! आता सांगा, एका गडग्याच्या दोन बाजूंक दोन सत्याग्रही बसले तर लाठी मारूक कोणी येवचा? गोरो सायब तरी खंयसून हाडूचो? आणि वरसून विश्रामान उपास धरल्यान. पाण्याशिवाय काय घेवचय नाय म्हणाक लागलो.

माका तेव्हाच संशय इल्लो! दोन दिवस झाले तरी मिशयो तेलतुकतुकीत. उपाशी माणसाची मिशी अशी ऱ्हवता? मी काय केलंय, परसातली हळदीची पाना काढलंय, गूळ-खोबऱ्याचा चून केलंय, स्टोव्ह हाडून पाटाच्या बगलेक ठेवलंय आणि थंयच पातोळ्यो उकडूक घातलंय. हळदीच्या पानाचो वास, बाबांनो! वाऱ्यार बसलो आणि गेलो पलीकडे. वासाक सातबारो नसता! पलीकडसून पयलो खाकरण्याचो आवाज. मगे आवंढो. मगे हळूच, "वयनी, ही हिंसा आसा."

मी म्हटलंय, "कोणाक हात लावलंय मी?"

"पोटाक लावलंस."

घटकाभरान बघतंय तर गडग्याच्या वरसून एक हात. नुसतो हात! तोंड दुसरीकडे. मी तेच्या हातात दोन पातोळ्यो ठेवलंय. उपास हळदीच्या पानात गेलो. पण उठलो काय? नाय! पातोळ्यो खाल्ल्यान, हात पुसल्यान आणि परत बघूक लागलो. कसलो तत्त्वाचो माणूस!

असा करता करता चवथ इली. सकाळी पाऊस थांबल्लो. माझ्या घरात पाटाच्या वर फळां-पानांची माटवी बांधलेली, समई पुसलेली, पाट मांडलेलो, आणि पाटार काय? काय नाय. मी दारात जावक नाय. मी गडग्याकडेच जावन बसलंय. बोलूक कोण नाय, हसूक कोण नाय. खोटा कित्याक सांगू, त्या दिवशी माका थट्टा सुचना नाय झाली. म्हटलंय, आज गेला ह्या घर.

आणि झांजी वाजूक लागल्यो. "मोरया!" खालच्या रस्त्यार भावकी सगळी, आणि पुढे विश्राम, डोक्यार पाट, पाटार देव, देवाच्या तोंडार लाल कापड. आता डोक्यार शाडूचो गणपती असलो म्हणजे माणसाक पायाखालची दोन पावलां सोडून काय दिसता? तेच्या घराची पायरी रस्त्याच्या तोंडाकच. थंय वळूचा होता तेका. माई आरतीचा ताट घेवन थंयच उभी ऱ्हवलेली.

आणि तो वळाक नाय.

पाय चलले सरळ! सगळो जन्म ज्या वाटेन चलले त्या वाटेन. माई म्हणता, "अहो... अहो!" झांजीच्या आवाजात कोणाक ऐकाक येता? भावकी मागसून चलली. पाणंद ती केवढी, एका माणसाची! आणि सगळे येवन कशाक आपाटले? विश्रामाचा नाक नि विश्रामाचो गडगो!

झांजी थांबल्यो. मी अलीकडे पाटार. तो पलीकडे. मधी छातीभर गडगो, आणि गडग्याच्या वर देव.

"वयनी."

मी गप.

"अगो वयनी, देव मागे फिरवक येवचो नाय!"

ता माका म्हायत आसा.

"खाली ठेवक पण येवचो नाय!"

ता पण म्हायत आसा.

"मगे बघतंस काय नुसती? वायच एक चिरो काढ!"

मी म्हटलंय, "माका हात उचलूक बंदी आसा. सत्याग्रही आसंय मी."

मागसून कोण तरी फिस्कन हसलो. पण विश्राम हट्टी! मान ताठ. मी बघतंय, तो बघता. मागसून माई ओरडाक लागली, "तुमीच घातलास ना? मगे तुमीच सांगा पाडूक!" तरी गप. आणि मगे माका दिसला, तेची मान थरथरूक लागली. शाडूचो देव ओलो असता, जड असता. आणि विश्राम काय आता पोरगो नाय. पुन्हा तसोच माझ्या डोळ्यांसमोर उभो ऱ्हवलो, नाकाक शेंबूड, हातात भोवरो...

मी उठलंय आणि पयलो चिरो ओढलंय.

त्याच टायमाक तो पलीकडसून म्हटल्यान, "पाडा!"

झाला! सगळ्यांनी हात लावल्यानी, घटकेत माणूस जाईत इतकी वाट झाली, आणि देव इलो. माझ्या घरात. नेहमीच्या वाटेन. समईच्या उजेडात विश्राम घामान निथळलेलो, मी तेका पाणी दिलंय, तेणा घेतल्यान. भजनाक सगळे होते. दीपेशाचे होम-स्टेवाले पाव्हणे सुद्धा भजनाक बसले. वेगळ्या गणपतीचा नाव कोणी काढूक नाय.

आता तुमी म्हणशात, मगे आजये, तक्रार कसली? गोड झाला ना सगळा?

कसला गोड! देव पोचवून समुद्रावरसून इलंव आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऐटीत माझ्या वाटेन बाजाराक निघालंय, तर त्या खिंडारात सतरंजी! सतरंजयेर विश्राम! पांढरी टोपी! मी म्हटलंय, "आता काय रे मेल्या?"

म्हणता, "वयनी, मी 'पाडा' म्हणाच्या आधी तू चिरो ओढलंस. म्हणजे हात पयलो तू उचललंस. ही हिंसा झाली. माफी मागापर्यंत मी हंयसून हलाचय नाय."

अर्धो गाव म्हणता "पाडा" आधी. अर्धो गाव म्हणता चिरो आधी. आणि ह्यो बसलोहा. बोलणा नाय, भांडणा नाय, नुसतो बघता! वाट उघडी झाली हो, पण मी जातंय परत वव्हाळातसून. काय करतलंय? तेच्या आधीचो गडगो बरो होतो म्हणायची पाळी इली... गडगो निदान माझ्याकडे टक लावन बघी तरी नव्हतो!